दोन गाण्यांमधला माणूस

पोरगा मास्तर झाला, तलाठी झाला, फार काय एस. टी.त कंडक्टर झाला, तरी सोयरिकीच्या बैठकीत त्याचे वर्णन एका शब्दात आटोपते. तोच पोरगा रेडिओवर जुनी गाणी लावीत असला, की मुलीकडच्या मंडळींची चौकशी जागच्या जागी अडते.

"पोरगं काय करतंय तुमचं?"

"रेडिओवर असतो. जुनी गाणी लावतो."

"ते झालं हो. पण पोटापाण्याचं काय?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गाणे एकाने लिहिले, चाल दुसऱ्याने लावली, गळा तिसऱ्याचा, तबकडी कंपनीची. मग ह्या गृहस्थाचे त्यात काय? तो दोन गाण्यांच्या मध्ये बोलतो. बस्स, एवढेच. आणि ह्या 'एवढ्या'वर एका माणसाने साठ वर्षांहून अधिक काळ संसार केला, पद्मश्री मिळविली, आणि २० फेब्रुवारी २०२४ रोजी एक्याण्णवाव्या वर्षी मुंबईत तो वारला, तेव्हा ज्यांनी त्याचे तोंडही कधी पाहिले नव्हते अशा माणसांना घरातले कोणी गेल्यासारखे वाटले. अमीन सयानी हे त्याचे नाव, हे वाचकांना सांगायला नकोच.

सयानी मुंबईचे. आमच्या नांदेड-लातूरशी त्यांचा जन्माचा वा नोकरीचा काही संबंध नाही. पण जुन्या गाण्यांच्या निवेदकाचा धंदा म्हणजे काय, हे मराठवाड्याला पहिल्याने कळले ते त्यांच्याकडून, आणि तेही मुंबईहून नव्हे, थेट कोलंबोहून. हा उलटा प्रवास कसा झाला ते पाहण्याजोगे आहे.

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. गृहस्थ मराठी, विद्वान, शास्त्रीय संगीताचे मोठे अभिमानी. सिनेसंगीताने देशाची अभिरुची बिघडते असे त्यांचे प्रामाणिक मत होते, आणि प्रामाणिक मताच्या मंत्र्याइतका धोका दुसऱ्या कशात नसतो! आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी कमी झाली. जी लागत त्यांत बोलपटाचे नाव घ्यायचे नाही, कारण ती म्हणे जाहिरात. निर्माते रागावले, त्यांनी गाणी वाजविण्याची परवानगीच काढून घेतली. आकाशवाणीवर शुद्ध रागदारी उरली, आणि श्रोते गेले सिलोनला.

सिलोनकडे एक जबरदस्त प्रक्षेपक होता. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या फौजांसाठी उभारलेला. युद्ध संपले, फौजा गेल्या, यंत्र मागे राहिले. त्याच्या लघुलहरी आभाळावर आपटून हजारो मैलांवर उतरत. ह्या यंत्रावर व्यापारी कार्यक्रम सुरू झाले, आणि दंतमंजनापासून ओव्हलटिनपर्यंत सारी दुकाने तिथे जमली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, फीत विमानाने कोलंबोला जायची, आणि तिथून तो आभाळमार्गे परत हिंदुस्थानात यायचा. दिल्लीने दार लावले म्हणून मुंबईचा आवाज लंकेला वळसा घालून नांदेडला पोहोचला. रामायणात सेतू बांधला तो जायला. हा यायला.

ह्या दुकानांत अमीन सयानी शिरले ते फुकट. आकाशवाणीत हिंदी निवेदक होण्यासाठी त्यांनी आधी परीक्षा दिली होती, पण वाचन ठीक असले तरी उच्चारांवर गुजराती आणि इंग्रजीची छाया फार, ह्या शेऱ्यानिशी ते परत आले. घरची भाषा गुजराती, शिक्षण इंग्रजी, छाया पडणारच. मग थोरले बंधू हमीद सयानी ज्या स्टुडिओत कार्यक्रम करीत तिथे ते घुटमळू लागले. एकदा ओव्हलटिनची जाहिरात वाचायला माणूस आला नाही, ती ह्यांनी वाचली. पुढे दर आठवड्याला वाचू लागले. मोबदला काय, तर ओव्हलटिनचा एक लहान डबा!

ह्यानंतर 'बिनाका गीतमाला' आली. इंग्रजीत गाण्यांचा एक कार्यक्रम लोकप्रिय होता, तसा हिंदीत काढायचे ठरले. संहिता लिहायची, कार्यक्रम बसवायचा, बोलायचे, शिवाय श्रोत्यांची पत्रे फोडून निकाल लावायचा, आणि ह्या सगळ्याचे आठवड्याला रुपये पंचवीस. अनुभवी मंडळींनी मान हलविली. ओव्हलटिनच्या डब्यावर राबणाऱ्या वीस वर्षांच्या पोराला पंचवीस रुपये म्हणजे बढतीच होती. ३ डिसेंबर १९५२, बुधवारी पहिला कार्यक्रम झाला. सात गाणी, कोणते कितव्या क्रमांकाचे ते श्रोत्यांनी कळवायचे, बिनचूक उत्तराला शंभर रुपये. चाळीस-पन्नास पत्रे येतील असा अंदाज होता. आली नऊ हजार. वर्षभरात आठवड्याला पासष्ट हजारांवर गेली. शेवटी पत्रे मोजण्याचा हा जुगार आटोपता घेऊन १९५४ पासून तबकड्यांची विक्री आणि ठिकठिकाणच्या श्रोता संघांची मते ह्यांवर गाण्यांच्या पायऱ्या लावण्याची रीत सुरू झाली, ती चाळीस वर्षे चालली. १९८८ पर्यंत सिलोनवर, मग विविध भारतीवर.

इथवरची हकीकत कोणत्याही वर्तमानपत्रात मिळेल. आम्हांला कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचे. ह्या माणसाचे बोलणे मराठवाड्याच्या कानाला इतके ओळखीचे का वाटले?

सयानींच्या मातुःश्री कुलसुम सयानी प्रौढशिक्षणाचे काम करीत. नव्याने अक्षर ओळखू लागलेल्या माणसांसाठी त्या 'रहबर' नावाचे पत्र काढीत. भाषा एकच, साधी हिंदुस्थानी, पण छपाई देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. गांधीजींचा ह्या कामाला आशीर्वाद होता. लहानपणापासून अमीन त्या पत्राच्या कामात हात लावीत. ज्याला काल-परवा वाचता येऊ लागले त्या माणसाला अडखळायला लावील असा शब्द नको, हा त्या घराचा नियम. आकाशवाणीने नापास केलेल्या पोराला हीच शिदोरी पुरली. आकाशवाणीची हिंदी त्या दिवसांत संस्कृतचे सोवळे नेसून बसली होती. ह्याची भाषा मात्र चहाच्या टपरीवर बसलेल्या माणसाला उठून उभे राहावे लागणार नाही अशी.

आता नांदेड-लातूरचा १९५२ चा कान पाहा. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस कारवाई होऊन निजामी संपली, त्याला जेमतेम चार वर्षे झालेली. हा मुलूख अजून हैदराबाद राज्यातच. मुंबई राज्यात यायला १९५६ उजाडायचे होते, आणि लातूर तर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका. त्या पिढीच्या लोकांनी कचेरीत अर्ज केला तो उर्दूत, शाळेत भूगोल घोकला तो उर्दूत. घरात मराठी, देगलूर-बिलोलीच्या बाजारात तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कानडी, आणि ह्या सर्वांना एकमेकांशी बोलायला दखनी. पुण्या-मुंबईच्या माणसाला सयानींची हिंदुस्थानी गोड वाटली असेल. आमच्या माणसाला ती शेजारच्या गल्लीतली वाटली. ज्या भाषेत कालपर्यंत दरडावणी ऐकली, त्याच भाषेत कोणी बहिणींना आधी आणि भावांना मागून हाक मारून अदबीने गाण्याचे नाव सांगतो आहे, ह्याचे अप्रूप काय असेल ते ज्याचे त्याने समजावे. राजकारणाने कडू झालेली एक भाषा इकडच्या जिभेवर पुन्हा गोड व्हायला जे काही उपयोगी पडले, त्यांत सिलोन रेडिओचाही वाटा आहे असे आमचे मत आहे. कोणी अभ्यासकाने ते खोडून दाखवावे.

अर्थात रेडिओ घरोघर नव्हते. वीज मोजक्या घरांत, रेडिओला पोस्टातून परवाना काढावा लागे आणि दर साल पैसे भरून तो नवा करावा लागे. जुने लोक सांगतात, की बुधवारी रात्री आठाला ज्या हॉटेलात मर्फी किंवा फिलिप्सचा खोका असे तिथे बाकावर जागा मिळत नसे, आणि एक कप चहावर तासभर बसणाऱ्यांकडे मालक त्या दिवसापुरता काणाडोळा करी. आवाज कधी लाटेसारखा जवळ येई, कधी दूर जाई, नेमके वरच्या पायरीचे गाणे लागायच्या वेळी खरखर सुरू होई. मग जो मोठ्याने बोलेल त्याला बाकीचे खाऊ की गिळू असे पाहात.

इथे एक गंमत आहे. अमीन सयानी ह्यांना आपण जुन्या गाण्यांचे निवेदक म्हणतो. पण ते जुनी गाणी लावायला कधी बसलेच नव्हते. गीतमालेत लागत ती त्या-त्या आठवड्याची ताजी गाणी. ती माणसाबरोबर म्हातारी झाली, आणि माणूस जागचा हलला नाही, म्हणून तो जुन्यांचा रखवालदार ठरला. पुढे त्यांनी गीतमालेच्या आठवणी सांगणाऱ्या ध्वनिमुद्रिका काढल्या, तेव्हा जुनी गाणी आणि त्यांना पूर्वी मिळालेल्या पायऱ्या हाच विषय झाला. ह्या धंद्यात टिकणे हीच अर्धी विद्या दिसते.

जुन्यांचा खरा मान राखला तो सिलोनच्याच सकाळच्या कार्यक्रमाने. साडेसातला जुन्या बोलपटांचे संगीत सुरू होई आणि आठाला तीन मिनिटे कमी असताना शेवटचे गाणे लागे ते कुंदनलाल सैगलचे. रोज. सैगल १९४७ च्या जानेवारीत वारला. त्यानंतर कित्येक दशके तो रोज सकाळी आठाच्या ठोक्याआधी हजर. ज्या घरात घड्याळ बंद पडले असेल तिथे सैगल संपला की पोरांनी शाळेचे दप्तर उचलावे. आणि तीन मिनिटेच का? त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर साडेतीन मिनिटांहून फारसे मावतच नसे. आपण ज्याला जुन्या गाण्याचा घाटदारपणा म्हणून डोक्यावर घेतो, त्यात तबकडीच्या गरिबीचाही भाग आहे.

केसकरांचा हट्टही पाच वर्षांत सैल झाला. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती आली आणि सरकारने सिनेमाच्या गाण्यांना अंगणात घेतले, ओसरीवर घेतले, पुढे माजघरात नेऊन बसविले. तिथला 'भूले बिसरे गीत' हा सकाळचा कार्यक्रम आमच्याकडच्या पुष्कळ घरांत चहाच्या आधणाबरोबर लागत आला आहे.

आता कोलंबोहून घरी येऊ. मराठवाड्यात १९६८ मध्ये परभणीला आकाशवाणीचे केंद्र झाले. नांदेडला एफएमचे स्थानिक केंद्र आले ते १९९० नंतरच्या वर्षांत, आणि त्यानंतर खाजगी एफएमही नांदेडपर्यंत पोहोचले. म्हणजे गोदाकाठच्या पोराला आपल्याच गावात ध्वनिक्षेपकासमोर बसण्याची सोय झाली. तिथे जो बसतो त्याचे काम बाहेरून दिसते तेवढे आरामाचे नाही. पाळीच्या आधी येऊन गाण्यांची यादी जुळवायची, गाणे किती मिनिटे-सेकंदांचे ते मांडायचे, बातम्या ठरल्या क्षणी घ्यायच्या म्हणून शेवटचे गाणे त्या हिशेबात बसवायचे. गायक-संगीतकार-गीतकारांची नावे चुकली तर पाच मिनिटांत दूरध्वनी येतो. जुन्या गाण्यांचा श्रोता हा प्राणी मोठा तिखट असतो. बोलपटाचे साल एकाने पुढे-मागे केले तर तो रात्रभर झोपत नाही, आणि झोपू देतही नाही! शिवाय फर्माईश वाचताना कंधार, मुखेड, हदगाव, किनवट, माहूर ही नावे त्या-त्या गावचा माणूस जशी उच्चारतो तशी यावी लागतात. मुंबईच्या आवाजाला ते जमत नाही, त्याचा दोष नाही. त्याने ती गावे पाहिलीच नाहीत.

आणि मिळकत? आकाशवाणीच्या केंद्रांवर आवाजाची नि लेखी परीक्षा देऊन निवडलेले जे निवेदक असतात त्यांतले बरेचसे नोकर नसतात, 'नैमित्तिक' असतात. महिन्याला साधारण सहा पाळ्या, पाळीगणिक पैसे. रजा नाही, निवृत्तिवेतन नाही. कायम करा म्हणून अशी मंडळी देशभर कोर्टात गेली आहेत. तेव्हा गावात ज्याच्या आवाजावरून लोक त्याला ओळखतात, तो उरलेले चोवीस-पंचवीस दिवस शिकवण्या घेतो, विम्याचे काम करतो, लग्नाच्या स्वागतसमारंभात सूत्रसंचालन करतो. सोयरिकीच्या बैठकीतला प्रश्न आठवा. मुलीच्या बापाला मूर्ख म्हणण्याची आमची तयारी नाही.

सयानींनी पंचवीस रुपयांवर आरंभ केला हे उदाहरण ह्या पोरांच्या तोंडावर फेकणारे पुष्कळ भेटतात. ते एक विसरतात. सयानींचे पंचवीस रुपये हा आरंभ होता, कारण त्यांच्यामागे जाहिरातदार उभा होता, त्याला पत्रांचा ढीग दिसत होता, आणि मुंबईत रेडिओच्या जाहिरातींचा सगळा व्यवसाय वाढत होता. त्यांनी चौपन्न हजार कार्यक्रम केले असे सांगतात. नांदेडच्या निवेदकाला महिन्याला सहा ह्या हिशेबाने तिथवर पोहोचायला साडेसातशे वर्षे लागतील.

सयानींची नक्कल करणारे मात्र आमच्याकडे वाटेल तेवढे. जिल्ह्यात कुठेही वाद्यवृंदाचा कार्यक्रम असो, पडदा सरकला की एक गृहस्थ स्वर लांबवून 'बहनो'ला साद घालतो आणि प्रत्येक गाणे म्हणजे जणू जगातला शेवटचा चमत्कार अशा थाटात जाहीर करतो. त्यांनी आवाजाची लकेर उचलली, 'रहबर' उचलले नाही. अडखळायला लावील असा शब्द नको, हा नियम पाळायला गळा लागत नाही, पण रात्री बसून लिहावे लागते.

राहिले लातूर. गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, पण त्यांपैकी एकही नभोवाणीच्या स्टुडिओकडे जात नाही, असे म्हणायची पाळी ह्या शहरावर वर्षानुवर्षे आली. खाजगी एफएमच्या ज्या फेरीत नांदेडला परवाने मिळाले तीत लातूर नव्हते. ज्या शहराने शिकवण्यांच्या बळावर आपल्या नावाचा 'पॅटर्न' देशाला ऐकविला, त्याला गाणी ऐकायची ती दुसऱ्या गावच्या आवाजात. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आले, ते साऱ्या देशाने पाहिले. आवाजाची टंचाई अशी दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी गाडी सुटत नाही.

ह्यावर तरुण वाचक म्हणतील, की आता हे हवे कोणाला? खिशातल्या फोनवर सैगलपासून सगळे हजर आहे. खरे आहे. पण २०१७ मध्ये एका तबकडी कंपनीनेच जुन्या रेडिओसारखा दिसणारा एक खोका बाजारात आणला. आत पाच हजार जुनी गाणी भरलेली, आणि त्यांच्या सोबतीला अमीन सयानींची गीतमाला. नातवंडे कौतुकाने तो आजोबांना देऊ लागली आणि खोका धडाक्याने खपला. फोनवर जे फुकट मिळते ते लोकांनी पैसे मोजून का घेतले? फोन विचारतो, आता कोणते लावू? म्हाताऱ्या माणसाला हा प्रश्न नको असतो. त्याला कोणीतरी लावलेले हवे असते, आणि लावण्यापूर्वी दोन वाक्ये बोललेले. फक्त त्या खोक्यातले सयानी आज बुधवार आहे की गुरुवार हे सांगू शकत नाहीत, आणि किल्लारीला पाऊस झाला का, हे त्यांना ठाऊक नसते.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने २३४ नव्या शहरांत मिळून ७३० खाजगी वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत लातूर आहे, आणि उदगीरही आहे. लिलाव म्हणजे पैसेवाल्यांचा मामला, त्यात आमच्यासारख्यांनी बोलू नये. फक्त ज्या कोणा कंपनीच्या पदरात लातूर पडेल, तिने मोठ्या शहरात भरलेल्या फिती इथे वाजवून वेळ मारून नेऊ नये. निदान सकाळचा एक तास इथल्या माणसाला द्यावा, औसा, रेणापूर, चाकूर, निलंगा ही नावे ज्याच्या तोंडात घरच्यासारखी बसली आहेत अशा एखाद्याला. आणि त्याला पाळीवर नव्हे, महिन्याच्या पगारावर ठेवावे. सोयरिकीचे आम्ही पाहून घेऊ.